ऑक्साईडच्या पातळ फिल्मसाठी मेटल प्रिकर्सर कसा तयार करायचा: लिगँड निवडण्यापासून रिॲक्टरपर्यंत

एमएस्सीला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला थिन फिल्मवर काम सुरू केलेल्या मुलांचे प्रश्न बघा, बहुतेक सगळे रिॲक्टरबद्दल असतात. टेंपरेचर किती ठेवू, गॅसचा फ्लो किती, प्रेशर किती. फिल्म काळपट आली, सोलून निघाली किंवा आलीच नाही की सगळे तेच नॉब फिरवत बसतात. मला मनापासून वाटतं की बऱ्याच वेळा उत्तर रिॲक्टरमध्ये नसतंच, ते प्रिकर्सरच्या, म्हणजे ज्या मेटलवाल्या रेणूपासून फिल्म बनते त्याच्या, बाटलीत असतं. त्या रेणूकडून आपल्याला दोनच गोष्टी पाहिजेत, गरम केल्यावर न तुटता अख्खा वाफ व्हावा आणि सबस्ट्रेटवर, म्हणजे ज्याच्यावर फिल्म बसवायची त्या तुकड्यावर, पोचल्यावर तिथेच तुटून मागे स्वच्छ ऑक्साईड सोडावा. वाफ होण्याचं टेंपरेचर आणि तुटण्याचं टेंपरेचर यांच्यात जी जागा आहे तिच्यातच आपलं सगळं काम चालतं, आणि ती जागा किती रुंद आहे हे रिॲक्टर चालू करायच्या आधी कळलं पाहिजे.

इथे मी ॲल्युमिनियम ॲसिटिलॲसिटोनेट हे उदाहरण शेवटपर्यंत घेतोय. कारण साधं आहे, ते हवेत आणि पाण्यात टिकतं, ग्लव्ह बॉक्स (हवा आणि ओलावा नसलेली बंद पेटी) लागत नाही, कच्चा माल कुठल्याही कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मिळतो आणि तरीसुद्धा प्रिकर्सर डेव्हलपमेंटची प्रत्येक पायरी त्याच्यावर शिकता येते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत याच कंपाऊंडवरून ॲल्युमिनाच्या फिल्मवर पेपर झालेत, म्हणजे हे नुसतं प्रॅक्टिकल परीक्षेचं कंपाऊंड नाही.

आधी फिल्म कुठे लागणार आहे ते ठरवा

एकाच ऑक्साईडला सगळीकडे एकच प्रिकर्सर चालत नाही. कटिंग टूलवर ॲल्युमिनाचा कडक थर द्यायचा तर इंडस्ट्रीत ॲल्युमिनियम क्लोराईड, कार्बन डायऑक्साईड आणि हायड्रोजन घेऊन १००० अंश सेल्सिअसच्या आसपास काम करतात, कार्बाईडच्या टूलला ते टेंपरेचर सोसतं. तोच ॲल्युमिना चिपवर पाहिजे असेल तर एवढं तापवणं शक्यच नाही, तिथे ट्रायमिथाईल ॲल्युमिनियम आणि पाण्याची वाफ आलटून पालटून सोडून २०० अंशांच्या आसपास एका सायकलला साधारण ०.१ नॅनोमीटर अशी फिल्म वाढवतात, पण ते लिक्विड हवा लागताच पेट घेतं त्यामुळे ट्रेनिंग नसताना त्याच्या वाटेला जाऊ नका.

हाफनियमचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. ट्रान्झिस्टरमधला सिलिकॉन डायऑक्साईडचा थर पातळ करत करत १.२ नॅनोमीटरवर आला आणि करंट त्यातून गळायला लागला, म्हणून २००७ साली इंटेलने ४५ नॅनोमीटरच्या चिपमध्ये हाफनियमवर आधारलेला ऑक्साईड आणला. सिलिकॉन डायऑक्साईडचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ३.९, हाफनियम डायऑक्साईडचा २० ते २५, म्हणजे थर जाड ठेवूनही कपॅसिटन्स तेवढाच मिळतो. आता यासाठी हाफनियम टेट्राक्लोराईड वापरता येतं, पण ती पावडर असते, वाफेबरोबर बारीक कण उडून वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) बसू शकतात, फिल्ममध्ये थोडं क्लोरीन राहतं आणि बाहेर हायड्रोजन क्लोराईड पडतो जो सगळं गंजवतो. म्हणून लोकांनी हाफनियमचे अमाईड, म्हणजे नायट्रोजनवाले गट जोडलेले रेणू, बनवले. ते कमी टेंपरेचरला वाफ होतात आणि पाण्याशी झटकन रिॲक्ट करतात, पण ३०० अंशांकडे जाताना आपोआप तुटायला लागतात. मग पुढचं पाऊल म्हणून एक अमाईड काढून तिथे सायक्लोपेंटाडायइनाईल रिंग बसवली, झिर्कोनियममध्येही तेच केलं, आणि रेणू जास्त टेंपरेचरपर्यंत टिकायला लागला. प्रिकर्सर डेव्हलप करणं म्हणजे हेच, एक तक्रार, त्यावर रेणूत एक बदल, परत तपासणी.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहा: सबस्ट्रेट कमाल किती टेंपरेचर सोसेल, फिल्म किती जाड पाहिजे, कुठली अशुद्धी अजिबात चालणार नाही, आणि तुमच्याकडे सीव्हीडी (वाफ सतत सोडून गरम सबस्ट्रेटवर फिल्म वाढवणं) आहे का एएलडी (वाफा आलटून पालटून सोडून एकेक थर वाढवणं).

मेटलचा आकार बघा, मग लिगँड निवडा

मेटल आयनभोवती लिगँडची, म्हणजे मेटलला धरून बसणाऱ्या रेणूंची, भिंत पूर्ण झाली पाहिजे. फट राहिली की शेजारचा रेणू किंवा पाणी तिथे येऊन बसतं, मग रेणू एकमेकांना चिकटून जड होतात आणि वाफ व्हायला तयार नसतात. ॲल्युमिनियमचा आयन छोटा आणि चार्ज ३, तीन ॲसिटिलॲसिटोनेट प्रत्येकी दोन टोकांनी बसले की सहाच्या सहा जागा भरतात आणि चार्जही मिटतो, प्रश्नच संपला. निकेलचा चार्ज २, दोनच लिगँड बसतात, जागा उरतात, म्हणून पाणी काढून टाकलेलं निकेल ॲसिटिलॲसिटोनेट तीन-तीन रेणू जोडून बसतं. झिंकचं नेहमीचं ॲसिटिलॲसिटोनेट हायड्रेट असतं ते याच कारणाने.

सगळ्यात छळणारे म्हणजे बेरियम, स्ट्रॉन्शियम, लँथॅनमसारखे मोठे आयन. १९८७ नंतर इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साईडच्या सुपरकंडक्टर फिल्मच्या मागे जग लागलं तेव्हा इट्रियम आणि कॉपरचे प्रिकर्सर निमूट चालायचे आणि बेरियमचा मात्र बबलरमध्येच, म्हणजे प्रिकर्सर गरम करून त्यातून गॅस सोडायच्या भांड्यातच, हळूहळू बदलत जायचा, सकाळी जेवढी वाफ दिली तेवढी संध्याकाळी देत नाही. त्यावर उपाय म्हणून मोकळ्या जागा भरायला ग्लाईमसारखे लांब ईथर जोडले गेले, कुठे कुठे फ्लोरिनवाले लिगँड घेतले गेले.

लिगँडबद्दल माझं मत थोडक्यात सांगतो. शिकायला सुरुवात करताना बीटा-डायकिटोनेट घ्या, म्हणजे ॲसिटिलॲसिटोन किंवा त्याच्या दोन्ही टोकांना टर्शरी ब्युटाईल असलेला मोठा भाऊ, ज्याला सगळे टीएचडी म्हणतात. टर्शरी ब्युटाईलने भिंत जाड होते, रेणू एकमेकांपासून लांब राहतात आणि वाफ सोपी होते. फ्लोरिनवाला हेक्साफ्लुरोॲसिटिलॲसिटोन घेतला तर अजून उडतं, पण फिल्ममध्ये फ्लोरिन शिरतो आणि लँथॅनमसारख्या मेटलला तर ऑक्साईडऐवजी फ्लोराईडच व्हायचं असतं, म्हणून ऑक्साईडसाठी तो मी शेवटचा पर्याय धरतो. अल्कॉक्साईड स्वच्छ तुटतात, टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साईड हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं, फक्त पाण्याचं वावडं. आणि झिर्कोनियम टर्शरी ब्युटॉक्साईडचं एक लक्षात ठेवा, ते गरम झाल्यावर त्यातून निघालेला टर्शरी ब्युटॅनॉल फुटून पाणी देतो आणि तेच पाणी उरलेल्या प्रिकर्सरवर तुटून पडतं, म्हणजे एकदा सुरू झालं की थांबत नाही.

बनवणं

ॲल्युमिनियम सल्फेटचा १८ पाण्याचा हायड्रेट ६.७ ग्रॅम घ्या, म्हणजे ॲल्युमिनियम ०.०२ मोल झालं. साधारण ६० मिली पाण्यात विरघळवा. दुसऱ्या बीकरमध्ये ७ मिली ॲसिटिलॲसिटोन, लागतं ६.२ मिलीच्या आसपास, वरचं मुद्दाम जास्त. त्यात पाणी घालून ढवळत डायल्यूट अमोनिया थेंबथेंब टाका, ॲसिटिलॲसिटोन विरघळून पाणी एकसारखं झालं की थांबा. हे सगळं फ्युम हुडमध्ये, ॲसिटिलॲसिटोनची वाफ चांगली नाही आणि ते पेटतंही.

आता हे दुसरं सोल्युशन पहिल्यात हळूहळू ओता, ढवळणं चालू ठेवा. क्रीम रंगाचा साका पडायला लागतो. पीएच बघत राहा, ॲसिडिक राहिलं तर रिॲक्शन अर्धवट राहते, ७ ते ८ च्या मध्ये आणून १५-२० मिनिटं ढवळू द्या. अमोनिया एकदम भसकन ओतू नका, नाहीतर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साईडचा चिकट जेल पडेल, तो फिल्टरवर बसला की पाणी खाली उतरता उतरत नाही आणि पुढे टीजीएमध्ये, म्हणजे सॅम्पल तापवत त्याचं वजन मोजायच्या चाचणीत, रेसिड्यू (मागे उरलेला भाग) म्हणून दिसतो. फिल्टर करा, गार पाण्याने सल्फेट जाईपर्यंत धुवा, धुतलेल्या पाण्यात बेरियम क्लोराईडचा थेंब टाकून पांढरं पडतंय का बघितलं की कळतं. मग व्हॅक्युम डेसिकेटरमध्ये पूर्ण सुकवा. थिअरीप्रमाणे ६.४९ ग्रॅम मिळायला पाहिजे.

शुद्ध करणं, इथे घाई नको

आधी गरम टोल्युईनमध्ये विरघळवून गरम असतानाच गाळा, न विरघळलेला हायड्रॉक्साईड कागदावर राहील, मग पेट्रोलियम ईथर घालून गार करा, क्रिस्टल पडतील. बरेच जण इथेच थांबतात. सिंथेसिससाठी तेवढं पुरतं, फिल्मसाठी नाही.

फिल्मसाठी सब्लिमेशन करायचंच. कपाटातल्या डांबरगोळ्या पाणी न होता जशा झिजत जातात तेच आपल्याला मुद्दाम करायचंय. सब्लिमेटरच्या तळाला पावडर पसरा, मधल्या कोल्ड फिंगरमधून गार पाणी सोडा, व्हॅक्युम लावा आणि ऑईल बाथ सावकाश वाढवत १४० अंशांच्या आसपास न्या. सुरुवातीला कोल्ड फिंगरवर धुरकट पापुद्रा येतो, त्यात उरलेलं सॉल्व्हंट आणि मोकळा लिगँड असू शकतो, तो पुसून परत लावलात तर उत्तम. त्यानंतर जे येतं ते बघण्यासारखं असतं, बारीक चमकदार दाणे, आधी सुटे सुटे आणि मग एकमेकांवर वाढत जाणारे, आणि खाली तळाला राहतो तो मळकट भुगा. तो भुगा फेकू नका, त्याचं वजन करा. दुसऱ्यांदा सब्लिमेशन केल्यावर खाली जवळजवळ काही उरलं नाही तर आधीचा भुगा नुसती घाण होती, पण प्रत्येक वेळी परत तेवढाच भुगा उरत असेल तर तुमचं कंपाऊंड गरम होताना तुटतंय आणि ही बातमी रिॲक्टरच्या आधी मिळाली हे चांगलंच झालं.

हे तेच आहे का?

मेल्टिंग पॉईंट १९० ते १९४ अंशांच्या दरम्यान आणि अरुंद यायला पाहिजे. प्रोटॉन एनएमआरला (रेणूत कुठल्या प्रकारचे हायड्रोजन आहेत ते दाखवणारी चाचणी) दोनच सिग्नल, मिथाईलचा २ पीपीएमजवळ आणि मधल्या सीएचचा ५.५ जवळ, एरियाचं प्रमाण ६ ला १. मोकळं ॲसिटिलॲसिटोन राहिलं असेल तर ३.६ जवळ आणि पार १५.५ जवळ पीक दिसतो, म्हणून स्पेक्ट्रम १० पीपीएमला कापून प्रिंट काढू नका. आयआरला, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये, ३४०० च्या आसपास पसरट पट्टा म्हणजे पाणी. एलिमेंटल ॲनॅलिसिसमध्ये कार्बन ५५.५५ आणि हायड्रोजन ६.५३ टक्के. इलेक्ट्रॉनिक्सची फिल्म करायची असेल तर आयसीपीने (अगदी थोड्या प्रमाणातली मेटल मोजणारं मशिन) सोडियम आणि लोहसुद्धा मोजून घ्या, गेट ऑक्साईडमध्ये सोडियम फिरत राहतो आणि सगळी मोजमापं सरकवतो. कॉलेजमध्ये ही मशिन नसली तरी अडत नाही, आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरच्यांची सॅम्पल फी घेऊन करतात.

टीजीए, खरी परीक्षा

८-१० मिलिग्रॅम सॅम्पल, उघडं पॅन, नायट्रोजन, मिनिटाला १० अंश. साधारण १५० च्या पुढे वजन उतरायला लागतं आणि २५० च्या आसपास काम संपतं. आकार बघा, एकच सरळ उतार पाहिजे, मध्ये पायऱ्या नकोत. पहिली छोटी पायरी १०० च्या आसपास म्हणजे पाणी किंवा सॉल्व्हंट.

आता रेसिड्यूचा हिशोब. कंपाऊंडचं मॉलिक्युलर वेट ३२४.३, त्यातून निघणाऱ्या ॲल्युमिनाचा वाटा ५१, म्हणजे १५.७ टक्के. रेसिड्यू १५-१६ टक्क्यांकडे असेल तर तुमचं कंपाऊंड वाफ झालंच नाही, पॅनमध्येच ॲल्युमिना झालं. १-२ टक्के असेल तर बहुतेक सगळं अख्खं उडालं. मधला आकडा आला तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या आहेत. अशा वेळी हीटिंग रेट बदलून परत करा, आणि सॅम्पलचं वजन आणि पॅन मात्र तेच ठेवा नाहीतर तुलनेला अर्थ नाही. हे गणित प्रत्येक नव्या मेटलसाठी टीजीएच्या आधीच करून ठेवायचं, म्हणजे आलेला आकडा काय सांगतोय ते लगेच समजतं.

यानंतरची टेस्ट पुष्कळ जण सोडून देतात आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते, आयसोथर्मल टीजीए. १२० पासून १६० पर्यंत दहा-दहा अंशांनी, प्रत्येक टेंपरेचरला दोन तास तरी सॅम्पल तसंच ठेवा आणि वजन-वेळेचा ग्राफ काढा. सरळ रेषा आली तर दर मिनिटाला तेवढीच वाफ निघतेय, म्हणजे बबलर भरवशाचा. रेष हळूहळू वाकून आडवी होत असेल तर पॅनमध्ये न उडणारं काहीतरी तयार होतंय. अगदी शेवटी सॅम्पल संपत आल्यावर रेष वाकतेच, त्यावरून घाबरू नका. प्रत्येक रेषेचा स्लोप काढून त्याचा लॉगॅरिदम टेंपरेचरच्या उलट्या किमतीसमोर मांडला की सब्लिमेशनची एन्थाल्पी मिळते, आणि बेंझोइक ॲसिडसारख्या वेपर प्रेशर माहीत असलेल्या पदार्थाने मशिन कॅलिब्रेट केलं असेल तर तुमच्या प्रिकर्सरचं वेपर प्रेशरही काढता येतं. बबलरच्या टेंपरेचरला ०.१ टॉर तरी असावं असं धरून चाला.

अजून एक स्वस्त टेस्ट, थोडं कंपाऊंड काचेच्या ॲम्प्यूलमध्ये व्हॅक्युममध्ये सील करून बबलरच्या टेंपरेचरला ओव्हनमध्ये आठवडाभर ठेवा, बाहेर काढून रंग बघा आणि एनएमआर परत करा. टीजीए अर्ध्या तासात उरकतो, बबलरमधलं मटेरियल मात्र दिवसच्या दिवस गरम राहतं, त्यामुळे टीजीएला पास झालेलं कंपाऊंड इथे नापास होऊ शकतं.

रिॲक्टरमध्ये

बबलर १३५ ते १५० अंश, कॅरियर गॅस आर्गॉन किंवा नायट्रोजन, प्रेशर काही टॉर. बबलरपासून चेंबरपर्यंतची सगळी लाईन बबलरपेक्षा १५-२० अंश जास्त गरम पाहिजे, आणि सगळी म्हणजे व्हॉल्व्ह, जॉईंट, वाकलेले कोपरे, सगळंच. हीटिंग टेप जिथे सुटलाय तिथे प्रिकर्सर गोठतो, लाईन हळूहळू बुजते आणि फिल्म दर रनला पातळ होत जाते.

सिलिकॉनचा तुकडा ॲसिटोन आणि आयसोप्रोपॅनॉलने धुवून सुकवून घ्या. हायड्रोफ्लोरिक ॲसिडचा डिप एकट्याने, ट्रेनिंगशिवाय आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसताना कधीही करू नका. सबस्ट्रेट ४०० ते ५५० अंश, ५०-५० अंशांनी रन घ्या आणि वाढीचा वेग मोजा. कमी टेंपरेचरला वेग टेंपरेचरबरोबर वाढतो, मग सपाट होतो कारण आता वाफ जेवढी पोचते तेवढीच वापरली जाते, आणि त्याच्याही वर गेलं की वेग पडतो, रेणू सबस्ट्रेटच्या आधीच वाटेत वाफेतच किंवा चेंबरच्या भिंतीवर तुटायला लागलेले असतात.

ॲसिटिलॲसिटोनेटमध्ये ऑक्सिजन आहे म्हणून बाहेरून ऑक्सिजन द्यायची गरज नाही असं वाटू शकतं. फिल्म येते खरी, पण काळपट राखाडी येते, त्यात कार्बन असतो. पारदर्शक पाहिजे तर ऑक्सिजन किंवा नायट्रस ऑक्साईड सोडा. टूलच्या कोटिंगला थोडा कार्बन चालून जाईल, कपॅसिटरला नाही, वहीचं पहिलं पान इथे उपयोगी पडतं.

एएलडी करणार असाल तर नियम वेगळे. तिथे पल्सची, म्हणजे एका वेळी प्रिकर्सर सोडायची, वेळ वाढवत न्या, एका सायकलची वाढ एका जागी थांबली पाहिजे. थांबत नसेल तर प्रिकर्सर स्वतःच तुटतोय आणि ते एएलडी उरलंच नाही. शिवाय बीटा-डायकिटोनेट पाण्याला दाद देत नाहीत, त्यांना ओझोन लागतो.

फिल्मकडून परत रेणूकडे

जाडी आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स एलिप्सोमीटरवर (प्रकाशाने फिल्म मोजणारं मशिन) बघा, दाट अमॉर्फस (क्रिस्टल नसलेल्या) ॲल्युमिनाला १.६ ते १.६५ च्या आसपास येतो, खूप कमी आला तर फिल्म सच्छिद्र आहे. एक्सआरडीला (क्रिस्टलची रचना दाखवणारी एक्स-रे चाचणी) काही पीक दिसला नाही तरी निराश होऊ नका, या टेंपरेचरला फिल्म अमॉर्फस असणं साहजिक आहे. एक्सपीएसमध्ये (पृष्ठभागावर कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगणारी चाचणी) वरचा कार्बन हवेतला असतो, थोडं स्पटर करून, म्हणजे वरचा थर आयनांनी उडवून, आतला मोजा. आत कार्बन असेल तर आधी ऑक्सिडंट वाढवा, मग टेंपरेचर, आणि तरीही जात नसेल तर लिगँड बदला, अल्कॉक्साईड किंवा अल्कॉक्साईड आणि डायकिटोनेट मिसळलेला रेणू घ्या. टायटॅनियममध्ये हेच झालंय, दोन आयसोप्रोपॉक्साईड आणि दोन टीएचडी असलेला रेणू पाण्याला कमी घाबरतो आणि सहा जागाही भरलेल्या असतात. इलेक्ट्रिकल मोजमापासाठी क्लीनरूम लागली तर आयआयटी मुंबई आणि भारतीय विज्ञान संस्थेत आयएनयूपी या सरकारी योजनेतून बाहेरच्या विद्यार्थ्यांना काम करता येतं.

ॲल्युमिनियमवर हे सगळं एकदा नीट झालं की पुढे झिर्कोनियम ॲसिटिलॲसिटोनेट घ्या, चार लिगँड, आठ जागा, तरी हवेत हाताळता येतं. टीजीएमध्ये त्याचा रेसिड्यू ॲल्युमिनियमपेक्षा जास्त येईल, थिअरीचा आकडा २५.३ टक्के आहे, आणि तो का वाढला हे तुमच्या आयसोथर्मल ग्राफवरून तुम्हालाच सांगता येईल. त्यानंतरच टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साईड, आणि मुंबई-कोकणात असाल तर ते काम जुलै-ऑगस्टमध्ये सुरू करू नका. श्लेंक लाईन (हवा न लागू देता काम करायची नळ्यांची मांडणी), ओव्हनमध्ये रात्रभर सुकवलेली काच आणि मॉलिक्युलर सीव्हवर ठेवलेलं सॉल्व्हंट ही सगळी तयारी पावसाळ्यात करा, बाटली ऑक्टोबरनंतर उघडा.